गोंदलेल्या रेघा

त्या साली पावसानं दुसऱ्यांदा दगा दिला होता आणि माझी सासू तोंड धुवायला मिळत नाही म्हणून रोज सकाळी माझ्याशी भांडत होती.

पाणी नाही म्हणून पारोसं राहणारी माणसं गावात बक्कळ होती. आत्याबाईचं गाऱ्हाणं वेगळं होतं. तिच्या उजव्या गालावर आणि खाली मानेपर्यंत बार्शीच्या दवाखान्यात जांभळ्या शाईनं रेघा मारल्या होत्या. एक चौकोन, आणि चौकोनाच्या मधोमध फुली. त्या चौकोनाच्या आत मशीनचा लाईट सोडायचा, बाहेर नाही, असं ते गणित. अर्धा लाईट देऊन झाला होता. तोंड आतून सोलून निघालं म्हणून डॉक्टरीणबाईनं पंधरवड्यासाठी घरी धाडलं होतं आणि मला बजावलं होतं, "तोंड भरून येऊ द्या, मग उरलेला देऊ. तोवर रेघा पुसू नका. तिथं पाणी नाही, साबण नाही, तेल नाही."

"पारोशा तोंडानं चुलीम्होरं बसू व्हय मी?" आत्याबाई म्हणायची.

"बसा की. चूल काय वास घेती का तुमचा?" मी म्हणायची.

आमच्याकडं सासूला आत्याबाई म्हणतात. तिचं नाव सरजाबाई. मी पंचशीला. सातवी पास, आणि तोंडानं फटकळ, हे सगळा गाव सांगेल. नवऱ्याचं नाव लिंबाजी. बायकोनं नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं म्हणतात. दगड फोडून जे होत नाही ते माझ्या नाव घेण्यानं कशाला होतंय. चाकूरच्या अलीकडं आमचं गाव, आणि गावाच्या खालच्या अंगाला आमची बौद्धांची वस्ती. लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा वरच्या आळीत गुलाल उधळला होता. जिल्हा आला, कलेक्टर आला, पाणी काही आलं नाही. आला तो टँकर, आणि रोजगार हमीचा पाझर तलाव. तलावात पाझरायला थेंब नव्हता, पण आम्ही त्याचा बांध घालत होतो.

त्या बांधावरच आत्याबाईचा रोग सापडला. एका दुपारी बार्शीच्या दवाखान्याची जीप आली. जीपमधून डॉक्टरीणबाई उतरली, हातात टॉर्च, आणि सगळ्यांना म्हणाली तोंड उघडा. बायका लाजून पदराआड झाल्या, बाप्ये हसायला लागले. आजवर माणूस दवाखान्याकडं जायचा, तोही उचलून न्यायची पाळी आली की. दवाखाना टॉर्च घेऊन मातीच्या ढिगाऱ्यावर चढलेला मी पहिल्यांदाच पाहिला. आत्याबाई जन्मभर मिसरी लावायची. उठली की मिसरी, पाटी उतरवली की मिसरी, भूक लागली आणि भाकरी नसली तरी मिसरीच. डॉक्टरीणबाईनं तिच्या गालात बोट फिरवलं आणि विचारलं, ही गाठ कधीची?

"गाठ कशाची, दातानं चावलंय," आत्याबाई म्हणाली.

"दात कुठायत तुम्हाला त्या बाजूला?" डॉक्टरीणबाई म्हणाली.

तपासून ती म्हणाली, कॅन्सर आहे. आत्याबाईची सासू ह्याच रोगानं गेली होती. गालाला भोक पडलं होतं, प्यालेलं पाणी बाहेर यायचं. वास सोसेना म्हणून तिला शेवटी कुडाच्या झोपडीत वेगळं ठेवलं, आणि भाकरी लांबून सरकवायची ती आत्याबाईनं. तेव्हा ती नवी सून होती. हे सगळं मी डॉक्टरीणबाईला सांगितलं. ती म्हणाली, "आता तसं राहिलं नाही. मशीन आलंय, बार्शीपर्यंत आलंय, मुंबईला जायचं काम नाही. गाठ लहान असताना सापडलीय. पुरा इलाज घेतला तर ह्या बऱ्या होतील असं मला वाटतं. अर्धा टाकून दिला तर मात्र मी काही सांगू शकत नाही."

तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच किडा. पुरा झाला पाहिजे. मधी काही झालं नाही पाहिजे.

आता गावात गालावर रेघा घेऊन फिरणं म्हणजे काय ते सांगते. पोरं "नकाशा आला, नकाशा आला" म्हणत मागं लागायची. पोरांचं सोडा. टँकर आला की तो विहिरीत पाणी सोडायचा आणि सगळ्या गावानं ते शेंदायचं. वरच्या आळीची धोंडाबाई, विहिरीशेजारचं सगळं रान तिच्या घरचं, ती मला म्हणाली, "ए पंचशीले, तुजा हंडा तिकडं लांब ठिव. रोग लागल पान्याला."

"रोग गालात हाय मालकीणबाई, हंड्यात न्हाई."

"त्या लाईटीचं इष ऱ्हातंय म्हनं अंगात."

"ऱ्हातंय की. तुमच्या आळीची लाईट गेली की सांगा, आत्याबाईला धाडून देते."

मागच्या बायका हसल्या. धोंडाबाई हसली नाही. तिनं माझा हंडा पायानं सरकवला, आणि माझी पाळी शेवटाला गेली. तोवर विहिरीत गाळच उरला होता. तो गाळ फडक्यानं गाळून आम्ही प्यालो. घरी आत्याबाईला न सांगताच कळलं असावं, कारण त्या दिवशी तिनं तोंड धुवायचा विषय काढला नाही.

घरात एकटं बसवत नाही म्हणून ती आमच्यासंगं कामावर यायला लागली. मी नको म्हणत होते. ऊन असं की टिकावाचा दांडा हाताला पोळायचा. वारा सुटला की मातीचे लोट, डोळे उघडायची सोय नाही. पण मुकादम भुजंगनं तिला बाभळीखाली लेकरं सांभाळायला बसवलं. नागुबाईचं आणि कामावरच्या इतर बायकांची तान्ही लेकरं तिथं झोळीत असायची. आत्याबाई झोके द्यायची, माशा वारायची, आणि एका हातानं पदर गालापासून लांब धरायची. घाम आला की टिपायचा नाही, नुसतं फुंकर मारल्यासारखं वारं घालायचं. मी पाटी टाकून परत येताना दर खेपेला तिच्याकडं बघायची. बघून काय होतंय, पण बघितल्याशिवाय राहवत नव्हतं.

बाभळीच्या पलीकडं गोंदणारणीचं पाल पडलं होतं. चतुराबाई तिचं नाव. दुष्काळात लोकांच्या घरी लग्नं नव्हती, जत्रा नव्हती, म्हणून ती कामावरच्या बायकांच्या आशेनं आली होती. कपाळावर, हातावर, जे सांगाल ते. तिच्याकडं माझं लक्षच नव्हतं. तिच्यापासून आम्हाला काही धोका असेल असं कुणाच्या मनात आलं असतं?

जेवणाच्या सुट्टीत मी डोक्यावरची चुंबळ हातात घेऊन बाभळीखाली आले. आत्याबाई पदरानं अर्धं तोंड झाकून बसली होती. चतुराबाई तिच्याशेजारी सुया चिंधीत गुंडाळत होती, आणि करवंटीत हिरवंकाळं काहीतरी उरलं होतं.

"काय चाललंय तुमचं?" मी म्हणाले.

"काय न्हाई. काम करून घेतलं," आत्याबाई म्हणाली.

मी पदर ओढला. गाल टरारून सुजला होता. लाईटनं आधीच काळी पडलेली ती कातडी, तिच्यावर हिरव्या रेघा, आणि रेघांमधून रक्ताचे बारके बारके थेंब. मी तिथंच खाली बसले.

"नागुबाईच्या लेकरानं गालावर हात फिरवला," आत्याबाई सांगायला लागली. तिचा आवाज चांगला खुशीत होता. "लाळंचा हात. आर्धी रेघ गेली बग. खालची घामानं चाललीच व्हती. म्या म्हनलं, आता गेल्यावर डाक्टरीनबाई म्हनल, रेघा न्हाईत तर लाईट न्हाई, जावा घरला. म्हनून कायमच्या करून घेतल्या. आता कुनाचा बाप पुसतोय बघू."

"आन फुली कुठंय? मधली फुली?"

"ती मोडली. फूल काढाय लावलं तिथं. फुली तोडायच्या झाडावर मारत्येत. मी काय तोडायचं झाड हाय व्हय?"

चतुराबाई म्हणाली, "काजळी आन पाल्याचा रस हाय बाई. मसनापातुर जायाचं न्हाई ते."

मी रडावं की ह्या दोघींची डोकी एकमेकीवर आपटावीत, मला कळेना. मी रडले. आत्याबाई बावरून माझ्या तोंडाकडं बघायला लागली. तिला वाटलं होतं मी शाबासकी देईन. जांभळी रेघ कानाच्या पाळीला चिकटून खाली उतरत होती, ते मला पक्कं आठवत होतं, कारण बार्शीत ती रोज बघत मी बाकावर बसायची. हिरवी रेघ पाळीपासून चांगली अंगठाभर पुढं आली होती. पुसलेली जागा आत्याबाईनं बोटानं अंदाजे दाखवली, आणि चतुराबाईनं अंदाजे गोंदली. सुट्टी संपली, भुजंगनं हाक मारली, आणि मी रडत रडत पाटी उचलली.

घरी आल्यावर लिंबाजींना सांगितलं. त्यांनी आईचा गाल पाहिला आणि कपाळाला हात लावला.

"उद्या सकाळच्या गाडीनं मी हिला बार्शीला नेते," मी म्हणाले.

"तारीख लांब हाय आजून. सूज उतरल तवर."

"न्हाई उतरली तर?"

"तू गेलीस तर भुजंग तुजं नाव काढून टाकल. सासूला घीऊन गेल्याली बाई परत येतीय का न्हाई, ह्याची वाट बघत बसल का त्यो? दहा बाया उभ्या हायेत तुज्या जाग्याला."

"काढू द्या."

"मंग खायाचं काय? माज्या एकट्याच्या हातानं?"

लिंबाजी वाईट माणूस नाही. पण त्यांना गाठ दिसत नव्हती, ती गालाच्या आत होती. रिकामं मडकं डोळ्यासमोर होतं. मी भाकरी बांधली आणि सकाळी आत्याबाईला घेऊन निघाले. ते आम्हाला सोडायला फाट्यापर्यंत आले.

एसटीत आत्याबाईच्या शेजारची बाई उठून मागं जाऊन उभी राहिली. उन्हाळ्यात, उभ्यानं, लातूरपर्यंत. मी तिच्या जागेवर ऐसपैस पिशवी ठेवली. लातूरहून पुढं ती लहान रुळांची गाडी. ती गाडी म्हणजे बैलगाडीची धाकटी बहीण. चढ आला की माणसं उतरून लघवीला जाऊन परत चढायची. एरवी मला हसू यायचं, त्या दिवशी मी उतरून ढकलायला तयार होते. आत्याबाईचा एक डोळा सुजेनं मिटत आला होता. समोरची एक म्हातारी बराच वेळ बघून म्हणाली, "कुठल्या देवाचं गोंदलंय वो हे?"

"देवाचं न्हाई. डाक्टरचं हाय," आत्याबाई म्हणाली.

म्हातारीनं हात जोडले. मी खिडकीतून बाहेर बघत राहिले. बाहेर काळी रानं नुसती भेगाळलेली, आणि त्यांच्यात गुरं काय हुंगत फिरत होती कुणास ठाऊक.

दवाखान्यात मशीन चालवणारा नरसिंग होता. रेघा त्यानंच मारल्या होत्या. आत्याबाईला बघून तो उठला आणि तडक डॉक्टरीणबाईला बोलवायला गेला. ती आली. तिनं चष्मा वर केला, गालाच्या कडेनं हलकं बोट लावलं, आत्याबाई कळवळली.

"हे कुणी केलं?"

मी सगळं सांगितलं. लेकराचा हात, घाम, चतुराबाई.

"तुम्ही शिकलेल्या आहात ना? मी तुम्हाला बजावलं होतं. तुम्ही काय करत होतात?"

"माती वाहत होते," मी म्हणाले.

मग तिनं आत्याबाईला झोपवलं आणि गालावर एक पातळ कातड्यासारखा कागद धरला, त्याच्यावर आधीचं माप होतं. हिरवी रेघ एका बाजूनं पुढं आली होती, खालून आत शिरली होती. फूल तर फुलीपासून चांगलंच दूर फुललं होतं. तिनं कागद बाजूला ठेवला.

"रेघांचं काही नाही," ती म्हणाली. "शाई आहे, माप आहे. पुसल्या तर नरसिंग परत मारतो. एखादा दिवस जातो, एवढंच."

आत्याबाई पडल्या पडल्याच म्हणाली, "मंजी पुसल्या आसत्या तरी चाललं आसतं?"

"नुसतं येऊन सांगायचं होतं, बाई."

आत्याबाईनं डोळे मिटून घेतले. डॉक्टरीणबाई मला बाहेर घेऊन गेली. म्हणाली, लाईटनं कातडी आतून भाजलेली असते, तिच्यावर ह्यांनी सुया मारून घेतल्यात. ह्या सुजेवर आता लाईट दिला तर जखम होईल आणि ती भरणार नाही. सूज उतरायची वाट बघायला पाहिजे. पण वाट बघण्यात फार दिवस गेले तर गाठ परत डोकं काढेल, आणि आधी दिलेला अर्धा लाईट वाया जाईल. "जाऊ नका कुठं. इथंच राहा. औषध लावू, रोज बघू."

मला त्या बाईचा राग आला होता, पण तिचा चेहरा बघितला तर तिलाही धीर नव्हता. मग राग कुणावर काढायचा तेही राहिलं नाही.

दवाखान्यामागं पत्र्याची शेड होती. तिथं रोग्यांच्या माणसांनी तीन दगडांच्या चुली मांडल्या होत्या. आम्हीही एक कोपरा धरला. सकाळ झाली की नरसिंगकडं जायचं. तो गालावर बोट दाबून बघायचा आणि मान हलवायचा. आज नाही. परत शेडमध्ये. औषध लाव, पेज शिजव, ती गार कर, चमच्यानं पाज. तोंडात लाळ नाही, चव नाही, माती खाल्ल्यासारखं लागतंय म्हणायची, तरी वाटी संपवायची. परत सकाळ, परत नरसिंग, आज नाही. शेजारच्या कोपऱ्यात देगलूरकडची पार्वतम्मा होती, घशाच्या रोगासाठी नवऱ्याला घेऊन आलेली. त्याचा लाईट पुरा झाला. जाताना तिनं तिची उरलेली जळणाची लाकडं मला दिली आणि म्हणाली, "बरं होतंय अक्का." ती गेली त्या दिवशी मला शेडमध्ये एका जागी बसवेना. दवाखान्याच्या भोवती नुसत्या फेऱ्या मारत होते.

आत्याबाई भांडायची बंद झाली होती, तेच मला खायला उठलं होतं. दिवसभर जिभेनं गालाच्या आत चाचपत बसायची. मधूनच तोंड उघडून मला म्हणायची, "बग गं. वाढली का?" मी उजेडाकडं तोंड करून बघायची. लाल दिसायचं सगळं. मला काय कळतंय.

"न्हाई वाढली," मी म्हणायची.

"खरं सांग."

"खरंच सांगते."

मग थोड्या वेळानं परत, "बग गं."

अशात एका दुपारी लिंबाजी शेडच्या दारात उभे. केस मातीनं माखलेले, कामावरून तसेच उठून आले असावेत. ते आत आले, आईच्या गालाकडं बघितलं. सूज बरीच उतरली होती, पण हिरवा रंग उठून दिसत होता. पाणी प्याले आणि भिंतीला टेकून बसले.

"चला," ते म्हणाले.

"कुठं?" मी म्हणाले.

"गावाकडं. बांधाचं काम उरकत आलंय. पुढचं काम नळेगावकडं निघतंय. भुजंग म्हनला, जोडी आसल तर घेतो, एकट्याला न्हाई. जोडीनंच घेनार हायेत. घरात दाना न्हाई पंचशीला. टँकर बी दिसाआड झालाय." मग ते आईकडं वळले, पण तिच्या तोंडाकडं न बघता जमिनीकडं बघून बोलले. "आये, आर्धा लाईट झाला न्हवं? लई न्हाई तर थोडं बरं हायच की. घरी निवांत ऱ्हा. तूच म्हनतीस, पिकलं पान हाय, कवातरी गळायचंच. आमाला म्होरं बघाय पायजे का न्हाई?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात आत्याबाई म्हणाली, "मला जगायचं हाय."

ती हे ओरडून बोलली नाही. पेज गार झाली का विचारावं तशी बोलली. पण शेडमधल्या इतर बायकांनी वळून बघितलं.

"आये..."

"आयकून घे. पिकलं पान म्हनते, ते तुमाला बरं वाटावं म्हनून म्हनते. म्हातारी मानसं तसंच म्हनत्येत. माजी सासू बी म्हनायची. तिला कुडात टाकली तवा मी भाकर सरकवायला जायाची, तर माजा पाय धरायची ती. बोलता येत नव्हतं, पन धरून ठिवायची. सोडायची न्हाई. तिला मराया नगं व्हतं, लिंबाजी. पिकलं पान कुनी नसतंय." ती दम घ्यायला थांबली. तोंड कोरडं पडलं होतं, मी वाटी पुढं केली, तिनं हातानं बाजूला सारली. "माजा जीव जाईल म्हनून मी ह्या सुया मारून घेतल्या. भ्याले म्हनून. येडी न्हाई मी. लाज वाटती मला. दुस्काळात लेकराच्या तोंडचा घास काढून म्हातारीनं जगायचं म्हनायचं, लाज वाटनारच. पन मला जगायचं हाय. हितून मी हालनार न्हाई. तुमी दोगं जावा कामाला. मी एकटी ऱ्हाती. पेज करून पिते मी माजी."

लिंबाजी उठले आणि बाहेर गेले. मला वाटलं, गेले स्टेशनवर. मला त्यांचा राग आला, आणि त्यांची कीवही आली. घरात मडकं रिकामं आहे हे काही ते खोटं बोलत नव्हते. नळेगावचं काम गेलं तर आम्ही खाणार काय, हे मलाही ठाऊक नव्हतं. पण आत्याबाई ते बोलली आणि माझ्या छातीवरून कुणीतरी पाटी उतरवली असं झालं. इतके दिवस मी एकटीच हट्ट करतेय असं मला वाटत होतं. मी तिच्याशेजारी बसले आणि तिनं माझा हात धरून ठेवला.

ऊन कलल्यावर लिंबाजी परत आले. डोकं ओलं होतं, कुठंतरी नळाखाली धरलं असावं.

"नरसिंगला भेटलो," ते मला म्हणाले. "त्यो म्हनला, उद्या बघू. बहुतेक व्हईल." मग म्हणाले, "तू उद्या जा गावाकडं. नागुबाईला जोडीदारीन कर आन नळेगावच्या कामाला लाग. बाया-बायांची जोडी भुजंगला चालल, मी इचारलंय आदीच. मी ऱ्हातो हितं."

"पेज येती का तुमाला?" मी म्हणाले.

"शिकीन."

"कपडे धुवावे लागत्येत. तोंडातलं साफ करावं लागतंय बोटाला फडकं गुंडाळून. वास येतो."

"सांगून जा सगळं. आदी सांगितलं आसतं तर आलो नसतो का?"

मला हसू आलं. काय आलो असतो. पण मी सगळं सांगितलं. पेज किती पातळ, फडकं कसं उकळायचं, औषध कुठवर लावायचं. ते मान हलवत होते. आत्याबाई ऐकत होती आणि मधूनच म्हणत होती, "त्याला मीठ नगं टाकाय सांग. झोंबतंय."

सकाळी नरसिंगनं गाल दाबला. एकदा दाबला, परत दाबला, आणि डॉक्टरीणबाईला हाक मारली. ती आली, बोटानं आतून बाहेरून चाचपलं.

"गाठ वाढलेली नाही," ती म्हणाली. "आज सुरू करू."

नरसिंगनं आत्याबाईला झोपवून नवा चौकोन मारला. जांभळा, जुन्या हिरव्याच्या जरा मागं, कानाच्या पाळीला चिकटून. मधी फुली मारायच्या आधी तो थांबला आणि तिच्याकडं बघितलं.

"मार बाबा," आत्याबाई म्हणाली. "काय मारायची ती मार."

मग तिला मशीनखाली नेलं. नरसिंग बाहेर आला, डॉक्टरीणबाई बाहेर आली, आणि ते जाड दार लागलं. लिंबाजींनी हे कधी पाहिलं नव्हतं. ते बंद दाराकडं बघत राहिले.

"आत कोन हाय तिच्यासंगं?"

"कुणी न्हाई. कुणाला थांबता येत न्हाई," मी म्हणाले.

"रोज एकटीच?"

"रोज."

ते दाराला हात लावून उभे राहिले. काचेच्या खिडकीतून नरसिंग आत बघत होता. त्यानं लिंबाजींना जवळ बोलावलं, पण ते गेले नाहीत. माझ्या गाडीची वेळ होत आली होती, पिशवी खांद्याला होती, आणि माझा पाय निघत नव्हता. दार उघडलं तेव्हा आत्याबाई कुणाचा हात न धरता बाहेर आली. तिनं लेकाकडं बघितलं. त्यांचे डोळे भरले होते, ते तिला दिसलं असणार.

"उद्या सकाळी परत हाय," ती त्यांना म्हणाली. "लवकर उठावं लागंल तुला."